बाळंतिणीचा पहारा



घरात मूल जन्माला आले म्हणजे आप्तेष्टांना जे कळविण्यात येते, त्याचे शब्द आपल्याकडे ठरून गेलेले आहेत : ‘बाळ-बाळंतीण सुखरूप.’ दोन्ही जीव एका जोडशब्दात गुंफण्यात आपल्या भाषेने मोठा सुज्ञपणा दाखविला आहे. परंतु व्यवहारात पाहू गेल्यास या जोडीतील पहिल्याविषयी आपण खात्री करून घेतो आणि दुसरीविषयी ती गृहीत धरतो. मूल रडले, त्याचे वजन झाले, नाकडोळे कोणाचे घेतले याची चर्चा सुरू झाली, पेढे आणावयास माणूस निघाला. आणि नेमक्या त्याच घटकेस, जिच्याकडे आता कोणाचेही लक्ष नाही अशा त्या मातेच्या जिवाला सर्वांत अधिक धोक्याचा काळ सुरू झालेला असतो. मूल जन्मल्यानंतरचे पहिले दोन तास आणि पाठोपाठ येणारी पहिली रात्र हा तो काळ होय. या काळात होणारा अतिरक्तस्राव, त्याची ओळख, त्यावरील उपाय आणि त्यातून वाचलेल्या स्त्रीची पुढील काळजी हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय समजावून देताना पुणे जिल्ह्यातील तळेघर हे गाव डोळ्यांपुढे ठेवावे असे मी योजिले आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, मंचर, घोडेगाव आणि डिंभे या मार्गाने भीमाशंकरास जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. यात्रेच्या निमित्ताने आपणांपैकी पुष्कळांनी ते ओलांडले असेल. आसमंतात महादेव कोळी समाजाच्या वाड्यावस्त्या आहेत. भातशेती आणि हिरड्याची वेचणी यांवर त्यांचा संसार चालतो. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याहून मोठे ग्रामीण रुग्णालय घोडेगावास, त्याहून मोठे उपजिल्हा रुग्णालय मंचरास आणि सर्व साधनांनी युक्त असे ससून रुग्णालय पुण्यास. म्हणजे उपचाराची एकेक पायरी चढावयाची तर डोंगराची एकेक पायरी उतरावी लागते. शहरात ज्या सोयी एका इमारतीच्या निरनिराळ्या मजल्यांवर असतात, त्या येथे एका लांब रस्त्यावर विखुरलेल्या आहेत. म्हणूनच शहरात जे झाकून राहते ते तळेघरास स्पष्ट दिसते : या दुखण्यात औषधाइतकेच मोल वेळेला आहे.

प्रथम शरीराची रचना पाहू. दिवस भरत आले म्हणजे गर्भाशयाकडे दर मिनिटास सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. हे रक्त वारेच्या द्वारा मुलाचे पोषण करते. मूल बाहेर आले आणि वार सुटून पडली की, ती जेथे चिकटलेली होती तेथे उघड्या रक्तवाहिन्यांची एक रुंद जखम उरते. ही जखम कोणी शिवीत नाही, तिच्यावर पट्टी बांधीत नाही; तरीही बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत ती काही क्षणांत बंद होते. याचे कारण असे की गर्भाशयाच्या भिंतीतील स्नायूंचे तंतू उभे, आडवे व तिरपे विणलेले असून रक्तवाहिन्या त्या विणीतूनच जातात. वार पडताच गर्भाशय आवळते, आणि चंचीची नाडी ओढली असता तिचे तोंड मिटावे त्याप्रमाणे त्या वाहिन्यांची तोंडे मिटतात. ओटीपोटावर हात ठेवला असता नाभीच्या आसपास चेंडूसारखा घट्ट गोळा लागतो, तो हाच.

ही नाडी ओढली गेली नाही तर काय होते, हे निराळे सांगावयास नको. अतिरक्तस्रावाची मुख्य कारणे चार आहेत. गर्भाशय सैल राहणे हे पहिले, आणि दर दहा प्रसंगांपैकी सुमारे सात प्रसंगी हेच घडते. वारेचा तुकडा आत राहून जाणे हे दुसरे. प्रसूतिमार्गास किंवा गर्भाशयास इजा होणे हे तिसरे. रक्त गोठण्याच्या शक्तीतच बिघाड होणे हे चौथे. फार काळ चाललेल्या कळा, जुळी मुले, अनेक बाळंतपणे, पूर्वी झालेला असाच रक्तस्राव, या गोष्टी धोका वाढवितात हे खरे. तथापि ज्यांच्यात यांपैकी एकही लक्षण नव्हते अशा स्त्रियांनाही रक्तस्राव होतो, आणि त्यांची संख्या थोडी नाही. ‘हिचे सारे व्यवस्थित आहे, हिला काही होणार नाही’ असे आगाऊ सांगण्याचे साधन अद्याप वैद्यकाला सापडलेले नाही. तात्पर्य, पहारा प्रत्येकीचा हवा.

वैभव या संकटास अडवू शकत नाही, हेही ध्यानात घ्यावे. खानदेशाच्या उंबरठ्यावरील बऱ्हाणपूर येथे १६३१ साली बादशहा शहाजहान याची बेगम मुमताजमहल आपल्या चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. साम्राज्यातील उत्तमोत्तम हकीम हाताशी असून त्यांचा इलाज चालला नाही. आज या आजारावरील पहिला उपचार परिचारिकेच्या पेटीत मावतो. तो वेळेवर पोहोचला पाहिजे, एवढीच अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख स्त्रियांना बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होतो. आपल्या देशात २००१ ते २००३ या वर्षांतील मातामृत्यूंची जी पाहणी झाली, तीत १०० पैकी ३८ मृत्यू रक्तस्रावाने झाल्याचे आढळले होते. पुढील काळात परिस्थिती पुष्कळ सुधारली. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण ३३ होते, आणि सबंध देशाचे ९७. हे आकडे समाधान देणारे आहेत खरे. परंतु जिच्या घरी ही आपत्ती येते तिच्या मुलांना सरासरीचा काय उपयोग?

आता प्रश्न असा की, डोळ्यांदेखत वाहणारे रक्त माणसांच्या ध्यानात कसे येत नाही? याची कारणे दोन. पहिले कारण शरीराच्या औदार्यात आहे. गरोदरपणी स्त्रीच्या अंगातील रक्ताचे मान ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते. निसर्गाने या प्रसंगासाठी केलेली ती तरतूदच होय. त्यामुळे पुष्कळ रक्त जाईपर्यंत बाळंतीण बोलते, हसते, मुलाकडे पाहते. नाडी जलद होते, परंतु रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. आणि मग तो एकाएकी कोसळतो. ज्या स्त्रीच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे तिच्या बाबतीत ही शिल्लक फार लवकर संपते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या, हे येथे आठवावे. उपचार न झाल्यास भारी रक्तस्राव सुरू झाल्यापासून साधारण दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. पंडुरोगी स्त्रीला तेवढीही मुदत मिळेल असे नाही.

दुसरे कारण आपल्या नजरेचे आहे. चादरीत, कापसात आणि जमिनीवर गेलेले रक्त डोळ्यांनी मोजता येत नाही. या बाबतीत एक मोलाचे काम आपल्या सीमेवरील बेळगावात झाले. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील प्रसूतितज्ज्ञांनी परदेशीय सहकाऱ्यांच्या साहाय्याने प्लास्टिकची एक साधी चादर तयार केली. तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्याच्या आकाराची पिशवी असून पिशवीवर मापाच्या रेघा आहेत. बाळंतिणीखाली ती पसरली म्हणजे किती रक्त गेले ते रेघेवर वाचता येते. या चादरीशी ताडून पाहता, नजरेने केलेला अंदाज खऱ्या मापापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरतो, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. अनुभवी माणसांची नजर जर इतकी फसते, तर घरच्या माणसांची काय कथा!

याच बेळगावच्या खेड्यापाड्यांत १,६२० स्त्रियांवर आणखी एक प्रयोग झाला, आणि तोही २००६ सालीच प्रसिद्ध झाला. मूल जन्मताच निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉल नावाच्या औषधाच्या गोळ्या तोंडावाटे देण्यात आल्या आणि उरलेल्यांना निरुपद्रवी गोळ्या. या गोळ्या देणाऱ्या कोणी डॉक्टर नव्हत्या. उपकेंद्रांतून काम करणाऱ्या साहाय्यक परिचारिका होत्या. औषध मिळालेल्यांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. भारी रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. डोंगरी भागाच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व विशेष आहे. गर्भाशय आवळणारे नेहमीचे उत्तम औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. परंतु त्याचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते आणि ते टोचण्यास शिकलेला हात लागतो. जेथे पावसाळ्यात वीज जाते आणि वाट बंद होते तेथे ही अडचण मोठीच. मिसोप्रोस्टॉलची गोळी शीतपेटीवाचून टिकते. मात्र ही गोळी घरच्यांनी आपल्या बुद्धीने आणून देण्याची वस्तू नव्हे. मूल पोटात असताना ती दिली तर अनर्थ होईल. ती प्रशिक्षित परिचारिकेच्या किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यावयाची असते.

बेळगावची ती मापाची चादर पुढे दूरवर गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत, तशाच मापाच्या चादरीचा उपयोग करून पाहण्यात आला. त्याचा वृत्तांत २०२३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकीचे रक्त मोजावयाचे, आणि ते मर्यादेबाहेर जाताच गर्भाशय चोळणे, ते आवळणारे औषध, रक्तस्राव थोपविणारे ट्रानेक्झॅमिक आम्ल, शिरेतून द्रव आणि आतील तपासणी ही पाचही कामे एकामागून एक वाट न पाहता एकदमच सुरू करावयाची, असा नियम घालून दिला होता. परिणाम असा झाला की भारी रक्तस्राव, त्यापायी कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. नवे औषध एकही नव्हते; मोजणे आणि विलंब न करणे, एवढेच नवे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आपला नियम बदलला. पूर्वी ५०० मिलिलिटर रक्त जाईपर्यंत थांबण्याची रीत होती. आता ३०० मिलिलिटर रक्त गेले असून नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला तरी उपचार सुरू करावा असे सांगण्यात आले आहे.

आता पुन्हा तळेघराकडे वळू. समजा, तळेघराच्या वरच्या अंगाला असलेल्या एखाद्या वाडीत आषाढातल्या रात्री एक स्त्री बाळंत झाली आणि तिचे रक्त थांबेना. अभ्यासकांनी १९९४ साली अशा प्रसंगांतील विलंबाचे तीन भाग पाडून दाखविले, ते येथे जसेच्या तसे लागू पडतात. पहिला विलंब घरातला : ‘थोडे फार जायचेच, अंग धुऊन निघते,’ असे म्हणण्यात, किंवा घरचा कर्ता येईपर्यंत थांबण्यात जातो तो. दुसरा विलंब वाटेवरचा. हा मुलूख धुवाधार पावसाचा आहे. याच तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून माळीण गाव गाडले गेले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. अशा रात्री वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट कित्येकदा सर्वांत लांबची ठरते. तिसरा विलंब रुग्णालयाच्या दारातला : रक्त उपलब्ध नाही, भूल देणारे डॉक्टर नाहीत, म्हणून पुढे धाडण्यात जातो तो. तीनही विलंबांची बेरीज दोन तासांच्या आत बसली पाहिजे, हे या दुखण्याचे निष्ठुर गणित आहे.

यावरील तोड एकच : संकट येण्यापूर्वीच अंतर कमी करून ठेवणे. दिवस भरत आले की स्त्रीने केंद्राजवळ येऊन राहावे, या विचाराने राज्यातील काही आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांलगत ‘माहेरघर’ नावाची व्यवस्था करण्यात आली. नाव किती समर्पक आहे! जेथे तशी व्यवस्था नाही तेथे रस्त्यालगत राहणाऱ्या नातलगाचे घर ते काम करू शकेल. गरोदरपणीच रक्त तपासून पंडुरोग घालविणे, रक्तगट लिहून ठेवणे, वाहन कोणाचे व सोबत कोण हे ठरविणे, आणि ‘न्यावे की न न्यावे’ हा निर्णय कोणा एकाच्या येण्यावर लोंबकळत न ठेवणे, ही तयारी प्रत्येक घराच्या हातची आहे. २०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. आणि २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयांत प्रसूती, औषधे, रक्त व ने-आण यांचा खर्च बाळंतिणीवर पडत नाही. हे ज्ञान आपल्या घरी काम करणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचविणे हेही आपलेच काम होय.

शहरातील श्रोत्यांनी मात्र असे समजू नये की हे सारे डोंगरातल्यांसाठी आहे. प्रसूतिगृहाच्या खोलीतही बाळंतीण पांघरुणाखाली असते आणि पाहुणे पाळण्याभोवती असतात. म्हणून घरातील एका माणसाने, मग ती आई असो, सासूबाई असोत की नवरा असो, पहिले दोन तास केवळ बाळंतिणीसाठी राखून ठेवावेत. या वेळात परिचारिकेने दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशयाचा घट्टपणा व रक्त पाहावयाचे असते. ते पाहिले जात नसेल तर विनयाने परंतु निश्चयाने विचारावे. धार लागणेच धोक्याचे असते असे नाही; सतत पाझरणारे रक्तही जीव घेते. एका तासात संपूर्ण घडी भिजणे, लिंबाएवढ्या गाठी पडणे, घाम येऊन अंग गार पडणे, नाडी जलद चालणे, तहान, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, अकारण बेचैनी, यांपैकी काहीही दिसले की तत्काळ हाक मारावी. भिजलेल्या घड्या फेकून न देता दाखवाव्यात. वाटेत किंवा घरीच बाळंतपण झाले आणि रक्त थांबेना, तर आधी वाहन बोलवावे. ते येईपर्यंत स्त्रीला सपाट निजवून उबदार ठेवावे, लघवी करवावी, वार पडली असल्यास नाभीखालचा गोळा घट्ट होईपर्यंत तळहाताने चोळावा, आणि बाळास अंगाशी द्यावे. बाळ चोखू लागले की गर्भाशय आवळावयास मदत होते. वार पडली नसेल तर नाळ ओढू नये. आत कापड खुपसू नये.

पहिला दिवस पार पडला म्हणजे धोका अजिबात टळला असे नाही. वारेचा अंश राहिला असल्यास किंवा आत दोष शिरला असल्यास पुढे कित्येक आठवड्यांतही पुन्हा रक्त जाऊ शकते. कमी होत आलेला स्राव एकाएकी लाल व भरपूर होणे, त्यास दुर्गंधी येणे, ताप भरणे ही त्याची चिन्हे होत. पाचवीच्या रात्री बाळाच्या ललाटी काय लिहिले जाईल म्हणून आपण जागरण करतो. त्या जागरणातला थोडा भाग बाळंतिणीच्या वाट्यास आला तर सटवाईचा कोप होईल असे वाटत नाही.

आता, या संकटातून जी वाचली तिच्याविषयी. रुग्णालयातून घरी आलेली ही स्त्री इतर बाळंतिणींसारखी नसते. तिच्या अंगातील रक्त भरून यावयास महिने लागतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या बरे वाटू लागले म्हणून सोडू नयेत, आणि चहाबरोबर घेऊ नयेत. अळिवाचे लाडू अवश्य द्यावेत, परंतु ते गोळ्यांच्या जागी नव्हेत. शेक-शेगडीच्या कोंदट खोलीत तिला घेरी येऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. दूध उशिरा येणे किंवा कमी येणे हा तिचा दोष नव्हे. क्वचित प्रसंगी भारी रक्तस्रावाने मस्तकातील पीयूषिका ग्रंथीस इजा होते. शीहान या वैद्याने १९३७ साली या विकाराचे वर्णन केले. दूध मुळीच न येणे, पुढे पाळी न येणे, सतत थकवा व थंडी वाजणे अशी त्याची लक्षणे असून ती वर्षानुवर्षे ‘अशक्तपणा’ या नावाखाली दडून राहतात. तो औषधाने आटोक्यात ठेवता येतो, पण आधी ओळखला पाहिजे.

शरीराहूनही मनाची जखम सावकाश भरते. मरणाच्या दारातून परत आलेल्या स्त्रीला ती रात्र पुन्हा पुन्हा आठवते, झोप लागत नाही, कधी बाळाविषयी माया दाटून येत नाही आणि त्याचीच तिला लाज वाटते. अशा वेळी ‘बाळ सुखरूप आहे ना, मग आता रडावयाचे कशाला?’ हा प्रश्न समजूत घालीत नाही. तोंड मात्र बंद करतो. तिला बोलू द्यावे. काय घडले, का घडले, कोणते उपचार केले, हे डॉक्टरांकडून तिला व तिच्या पतीला नीट समजावून घेता आले तर भीतीचे पुष्कळ ओझे उतरते. दुःख दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळले तर वैद्यकीय मदत घेण्यात कमीपणा नाही. रुग्णालयाचे कागद जपून ठेवावेत. पुढील खेपेस याच संकटाचा संभव अधिक असल्याने ते बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच करावे, आणि दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर ठेवावे.

शेवटी एक गोष्ट आपणां नगरवासीयांकडे मागावयाची आहे. औषध कारखान्यात होते, रुग्णवाहिका सरकार देते. परंतु रक्त कोणत्याही कारखान्यात होत नाही. डोंगरातील बाळंतिणीला जे रक्त चढविले जाते ते कोणा माणसाने आधी देऊन ठेवलेले असते, आणि तेही नीट जतन केले तरी फार तर ४२ दिवस टिकते. उन्हाळ्याच्या सुटीत रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. बाळंतपणे मात्र सुटी घेत नाहीत. १८ ते ६५ या वयाचा निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी आणि निरोगी स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. आपल्या घरी बाळ-बाळंतीण सुखरूप असतील त्या आनंदात पेढे वाटावेतच. पण पेढ्यांच्या पुड्याबरोबर घरातील एखाद्या धडधाकट माणसाला रक्तपेढीतही पाठवावे. त्याने दिलेली पिशवी कोणत्या घाटातून कोणाच्या घरी पोहोचेल ते त्याला कळणार नाही, आणि ते कळण्याची गरजही नाही.